कराराचा कागद आणि पडद्यावरील फुटबॉल

खेळ आणि कायदा ह्या दोहोंचा परस्परांशी काय संबंध, असा प्रश्न प्रथमदर्शनी कोणासही पडेल. खेळ मोकळ्या मैदानातला, कायदा कचेरीतला. त्यातही हल्लीची मुले ज्याला व्हिडिओ गेम म्हणतात तो खेळ तर मैदानातलाही नव्हे. तो घरातल्या खोलीत, काचेच्या पडद्यावर खेळावयाचा. अशा खेळाच्या रचनेवर युरोपातील न्यायालयांच्या निवाड्यांची छाप पडलेली आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे वाटण्याचा संभव आहे. परंतु ती वस्तुस्थिती आहे, आणि तिचा इतिहास सव्वाशे वर्षांहून अधिक मागे जातो. आज श्रोत्यांपुढे तो इतिहास थोडक्यात मांडावा असा विचार आहे.

प्रथम हे खेळ कोणत्या प्रकारचे असतात ते सांगितले पाहिजे. फुटबॉलचे पडद्यावरील खेळ मुख्यतः दोन तऱ्हांचे. एकात खेळणारा बोटांनी कळी दाबून पडद्यावरील चेंडू लाथाडतो. दुसऱ्यात त्याला चेंडूस स्पर्शही करावयाचा नसतो. तो क्लबचा व्यवस्थापक होतो. त्याच्यापुढे नावांच्या याद्या, आकड्यांचे तक्ते व पत्रव्यवहार असतो. कोणता खेळाडू घ्यावा, कोणता विकावा, कोणास किती वेतन द्यावे, कोणाचा करार वाढवावा, हे सारे त्याने ठरवावयाचे. बाहेरून पाहणाऱ्यास हा एखाद्या पेढीवरील मुनिमाचा उद्योग वाटेल. तरीही लक्षावधी तरुण ह्या उद्योगात रात्रीच्या रात्री घालवितात. ह्या दुसऱ्या प्रकारच्या खेळाचा सारा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे, ती म्हणजे खेळाडू व क्लब ह्यांमधील करार. तेव्हा हा करार मुळात काय होता व तो कसकसा बदलत गेला, हे आधी पाहू.

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १८८५ साली पैसे घेऊन खेळण्यास मान्यता दिली आणि १८८८ साली बारा क्लबांनी मिळून फुटबॉल लीग स्थापन केली. धंदेवाईक खेळाडू आला तसा क्लबांना एक धाक पडला. चांगला खेळाडू दर वर्षी अधिक पैसे देणाऱ्या क्लबाकडे जाऊ लागला, तर श्रीमंत क्लब सारे उत्तम खेळाडू गोळा करतील आणि सामन्यांत चुरस उरणार नाही. ह्या धाकातून १८९३ च्या सुमारास एक पद्धत रूढ झाली. खेळाडूची नोंद एका क्लबाच्या नावे व्हावयाची. करार वर्षाचा असे, पण वर्ष संपले म्हणून नोंद संपत नसे. क्लबाने त्याला राखून ठेवावयाचे ठरविले तर त्याला लीगमधील दुसऱ्या कोणत्याही क्लबाकडून खेळता येत नसे, मग जुना क्लब त्याला वेतन देवो अथवा न देवो. क्लबाने सोडावयाचे ठरविले तर त्या नोंदीची किंमत दुसऱ्या क्लबाकडून वसूल करावयाची. आपल्याकडे सावकाराच्या कर्जात अडकलेल्या गड्याची जी स्थिती असे, तिच्याशी ही स्थिती बऱ्याच अंशी जुळते. फरक एवढाच की ह्या गड्याच्या नावाचा जयघोष करण्यास शनिवारी वीस-वीस हजार माणसे जमत.

१९०१ साली त्यावर आणखी एक बंधन आले. कोणत्याही खेळाडूस आठवड्यास चार पौंडांहून अधिक वेतन देऊ नये, असा नियम झाला. चारच वर्षांनी, १९०५ साली, आल्फ कॉमन नावाचा खेळाडू संडरलँडकडून मिडल्सब्रो क्लबाकडे गेला, तेव्हा त्याच्या बदलीपोटी १,००० पौंड मोजण्यात आले. त्या काळी ह्या रकमेने मोठी खळबळ उडाली. ह्या दोन आकड्यांत त्या पद्धतीचे सारे रहस्य आहे. माणसाच्या नोंदीची किंमत हजार पौंड, आणि माणसाची आठवड्याची किंमत चार पौंड.

खेळाडूंनी हे निमूटपणे सोसले असे नाही. १९०७ साली मँचेस्टर येथे त्यांनी आपली संघटना स्थापन केली. तिच्या प्रवर्तकांत बिली मेरेडिथ हा प्रख्यात खेळाडू होता. १९०९ साली संघटना सोडा असे अधिकाऱ्यांनी फर्माविले असता मँचेस्टर युनायटेडच्या खेळाडूंनी नकार दिला आणि स्वतःस ‘बहिष्कृतांचा क्लब’ असे नाव घेऊन छायाचित्र काढविले. १९१२ साली हॅरी किंगबी ह्या खेळाडूने ॲस्टन व्हिला क्लबावर फिर्याद केली. ती तो हरला. त्यानंतर जवळजवळ अर्धशतक ही पद्धत अबाधित राहिली.

तिला खरा तडा गेला तो १९६१ साली. त्या वेळी कमाल वेतन आठवड्यास २० पौंड झाले होते. जिमी हिल हा खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष होता. संपाची तयारी झाली, आणि जानेवारी १९६१ मध्ये कमाल वेतनाचा नियम रद्द झाला. फुलम क्लबाचा जॉनी हेन्स लवकरच आठवड्यास १०० पौंड मिळवू लागला. परंतु राखून ठेवण्याचा अधिकार अद्याप शिल्लक होता. तो जॉर्ज ईस्टहॅम ह्याने मोडून काढला. न्यूकॅसल युनायटेड क्लब त्याला जाऊ देईना, तेव्हा त्याने खेळणेच थांबविले आणि इंग्लंडच्या दक्षिण भागात बुचांच्या व्यापारात नोकरी धरली. पुढे क्लबाने त्याला आर्सेनलकडे जाऊ दिले. इतकेच हवे असते तर तो तेथेच थांबला असता. परंतु संघटनेच्या साहाय्याने त्याने दावा चालूच ठेवला. १९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स ह्यांनी निवाडा दिला की करार संपल्यावर खेळाडूस राखून ठेवणे हे त्याच्या उद्योगस्वातंत्र्यावरील अवाजवी बंधन होय. १९७८ साली इंग्लंडमध्ये करार संपलेल्या खेळाडूस आपला नवा क्लब निवडण्याची मुभा मिळाली. मात्र जुन्या क्लबाला मोबदला द्यावाच लागे, आणि दोन क्लबांचे जमले नाही तर लवाद रक्कम ठरवी.

ह्यानंतर चारच वर्षांनी आपल्या विषयाचा दुसरा धागा सुरू होतो. १९८२ साली केव्हिन टॉम्स नावाच्या इंग्रज गृहस्थाने ‘फुटबॉल मॅनेजर’ नावाचा संगणकीय खेळ विक्रीस काढला. घरगुती संगणकाची स्मरणशक्ती त्या काळी अत्यल्प होती. आज एका लहानशा छायाचित्रासही पुरणार नाही इतक्या जागेत त्याने साखळी सामने, क्लबाची तिजोरी, आठवड्याचा पगार व खेळाडूंचा बाजार हे सारे बसविले. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे कौशल्य व दम ह्यांचे आकडे असत. बाजारात एखादा खेळाडू विक्रीस येई. आपण बोली बोलावयाची. बोली पुरेशी असेल तर खेळाडू आपला. तिजोरीत खडखडाट झाला की आपला एखादा खेळाडू विकावयाचा.

ह्या खेळात एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे खेळाडूची इच्छा. त्याला यावयाचे आहे की नाही, त्याला किती वेतन हवे, हे कोणी विचारीत नसे. ईस्टहॅमच्या निवाड्यास त्या वेळी एकोणीस वर्षे झाली होती. तरी पडद्यावरचा खेळाडू १८९३ च्या खेळाडूप्रमाणेच मालकाच्या मुठीत होता. ह्यात टॉम्स ह्यांचा दोष काढण्याचे कारण नाही. यंत्राची मर्यादा होतीच. पण दुसरेही एक कारण होते. सामान्य प्रेक्षकाच्या मनातील चित्र अद्याप तसेच होते. क्लब विकतो, क्लब घेतो, आणि खेळाडू जातो, अशीच वर्तमानपत्रांची भाषा असे. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही आजतागायत ‘अमुक क्लबाने तमुक खेळाडू विकत घेतला’ असेच छापले जाते.

१९९२ साली पॉल व ऑलिव्हर कॉलियर ह्या दोघा भावांनी तयार केलेला ‘चँपियनशिप मॅनेजर’ हा खेळ प्रसिद्ध झाला. इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातील आपल्या घरी बसून त्यांनी तो रचण्यास आरंभ केला होता. पहिल्या आवृत्तीतील खेळाडूंची नावे काल्पनिक होती. पुढच्या आवृत्तीपासून खरी नावे आली. खरी नावे आली की खऱ्या घडामोडींशी खेळ जुळला पाहिजे अशी अपेक्षा उत्पन्न होते. वर्तमानपत्रात वाचलेला नियम पडद्यावर नसेल तर खेळणारा लगेच बोट ठेवतो. अशा रीतीने हा खेळ खऱ्या फुटबॉलच्या कायद्याशी बांधला गेला, आणि नेमक्या त्याच सुमारास त्या कायद्यात भूकंप झाला.

ज्याँ-मार्क बॉसमन हा बेल्जममधील एक मध्यम प्रतीचा खेळाडू होता. लिएज येथील क्लबाशी असलेला त्याचा करार जून १९९० मध्ये संपला. क्लबाने नवा करार देऊ केला, पण वेतन महिना १,२०,००० बेल्जियन फ्रँकांवरून ३०,००० वर आणून ठेवले. बॉसमनने ते नाकारले. फ्रान्समधील डंकर्क क्लब त्याला घेण्यास तयार होता. परंतु तो क्लब पैसे देऊ शकेल की नाही अशी शंका येऊन लिएजने आवश्यक दाखला पाठविण्याची व्यवस्थाच केली नाही. करार संपलेला, पगार नाही, दुसरीकडे जाण्याची वाट बंद. इंग्लंडमध्ये किंगबीचे जे झाले होते तेच बेल्जममध्ये ह्याचे होत होते. त्याने न्यायालयाची पायरी चढली. पाच वर्षे दावा चालला आणि १५ डिसेंबर १९९५ रोजी लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला. त्यात दोन गोष्टी होत्या. करार संपलेला युरोपीय नागरिक महासंघातील दुसऱ्या देशातील क्लबाकडे जात असता जुन्या क्लबास मोबदला मागता येणार नाही, ही पहिली. संघात परदेशी खेळाडू किती असावेत ही मर्यादा महासंघातील नागरिकांना लावता येणार नाही, ही दुसरी.

दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व समजण्यास एक उदाहरण पुरे. नोव्हेंबर १९९४ मध्ये मँचेस्टर युनायटेडचा संघ बार्सिलोना येथे खेळावयास गेला असता परदेशी खेळाडूंच्या मर्यादेमुळे पीटर श्मायकेल ह्या नामांकित डॅनिश गोलरक्षकास बाहेर बसवावे लागले, आणि संघ चार गोलांनी हरला. तेरा महिन्यांनी हा प्रसंग इतिहासजमा झाला. पहिल्या गोष्टीचा लाभ घेऊन १९९६ साली एडगर डाव्हिड्स हा डच खेळाडू ॲम्स्टरडॅमच्या आयाक्स क्लबाकडून मिलानला मोबदल्याविना गेला. स्वतः बॉसमनला मात्र ह्या विजयाचा फारसा लाभ झाला नाही. खेळण्याची उमेदीची वर्षे दाव्यात गेली आणि पुढे त्याला हलाखीचे दिवस पाहावे लागले. ज्याने दार उघडले तो उंबऱ्याबाहेरच राहिला.

आता ह्या निवाड्याने पडद्यावरील खेळाचे काय झाले ते पाहा. आधी खेळाडूची किंमत ही त्याच्या कौशल्यावर अवलंबून असे. आता तिला काळाचे परिमाण लाभले. करार चार वर्षे उरला असेल तर किंमत पूर्ण. एक वर्ष उरले तर निम्म्याखाली. आणि संपला तर शून्य. व्यवस्थापक होऊन खेळणाऱ्यापुढे तीन वाटा उभ्या राहिल्या. खेळाडूस आताच कमी किमतीत विकावे, वेतन वाढवून करार वाढवावा, किंवा वर्षभर त्याचा उपयोग करून घेऊन त्याला फुकट जाऊ द्यावे. तिन्ही वाटांत काहीतरी गमवावे लागते. खेळात गोडी उत्पन्न होते ती अशा पेचातून. ज्या खेळात पैसा असला की सारे मिळते, तो खेळ आठ दिवसांत शिळा होतो. म्हणजे खेळाडूच्या स्वातंत्र्याने व्यवस्थापकाची सत्ता कमी केली, आणि सत्ता कमी झाल्यामुळेच खेळ चांगला झाला.

हेच पुढील नियमांविषयी म्हणता येईल. मार्च २००१ मध्ये फिफा ही जागतिक संघटना, यूएफा ही युरोपीय संघटना व युरोपीय आयोग ह्यांच्यात समझोता झाला आणि त्यातून आजच्या नियमावलीचा सांगाडा तयार झाला. करार अधिकांत अधिक पाच वर्षांचा असावा. अठरा वर्षांखालील मुलाचा तीन वर्षांचा. करार संपण्यास सहा महिने उरले की खेळाडूस दुसऱ्या क्लबाशी बोलणे पुरे करून सही करता येते. नोंदणी वर्षातून दोनच ठरलेल्या मुदतींत व्हावी. अठरा वर्षांखालील मुलांना, काही अपवाद वगळता, एका देशातून दुसऱ्या देशात नेऊ नये. गोव्यातील किंवा मुंबईतील एखाद्या क्लबाशी करार करणारा तरुणदेखील ह्याच चौकटीत सही करतो, कारण भारतीय महासंघ फिफाचा सदस्य आहे.

ह्यांतील प्रत्येक कलमाने पडद्यावरील खेळास एकेक अंग दिले. दोन मुदतींच्या नियमाने खेळातील वर्षाला ऋतू मिळाले: उन्हाळ्यात धांदल, मग शांतता, जानेवारीत पुन्हा धांदल. मुदत टळली आणि गोलरक्षकाचा हात मोडला, तर आहे त्यावर भागवावे लागते. सहा महिन्यांच्या कलमाने जानेवारीची पहिली तारीख हा टपून बसण्याचा दिवस झाला. मुलांच्या रक्षणासाठी केलेल्या नियमामुळे खेळात असे घडते की परदेशातील सोळा वर्षांच्या मुलाशी सौदा ठरतो, पण मुलगा आपल्या अठराव्या वाढदिवसापर्यंत येत नाही. यूएफाने २००६ पासून व इंग्लंडच्या प्रीमियर लीगने २०१० पासून ‘घरी घडविलेल्या’ खेळाडूंची किमान संख्या ठरविली, तेव्हा संघाची यादी भरणे हे खेळात एक स्वतंत्र कोडेच होऊन बसले. माझ्या शाळेतील नववीच्या मुलांना युरोपीय न्यायालय कोणत्या शहरात भरते असे विचारले तर वर्ग गप्प राहतो. पण करार संपण्यास पाच महिने उरले असता खेळाडूचे हक्क कोणते, हे त्यांतील चारपाच जण न अडखळता सांगतात. नागरिकशास्त्राच्या पुस्तकाने जे साधले नाही ते ह्या खेळाने साधले आहे, हे शिक्षकाने मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

देशोदेशीच्या कायद्यांतील भेदही पडद्यावर उतरले. स्पेनमध्ये १९८५ च्या एका शाही आदेशाने खेळाडूस भरपाई देऊन करार संपविण्याचा हक्क दिला. ती भरपाई किती, हे तेथील क्लब करारातच लिहून ठेवतात. तेच मुक्ततेचे कलम. क्लबाने आकडा मुद्दाम अवाढव्य लिहावयाचा, म्हणजे कोणी भरणार नाही. पण ऑगस्ट २०१७ मध्ये ब्राझीलच्या नेमारसाठी २२ कोटी २० लाख युरो खरोखरच भरण्यात आले आणि तो बार्सिलोना सोडून पॅरिसला गेला. पुढच्याच महिन्यात आलेल्या ‘फिफा १८’ ह्या खेळात वाटाघाटींचे दृश्य पडद्यावर दाखविण्यात आले, आणि त्यात मुक्ततेचे कलम व पुढील विक्रीतील हिस्सा ह्या दोहोंची बोलणी करता येऊ लागली.

येथे खेळ आणि वस्तुस्थिती ह्यांतील एक मोठा भेद सांगितला पाहिजे. २०१३ च्या उन्हाळ्यात आर्सेनल क्लबाने लिव्हरपूलच्या लुईस सुआरेझसाठी चार कोटी पौंड आणि वर एक पौंड अशी बोली केली. चार कोटींहून अधिक बोली आल्यास तो सुटतो असे कलम करारात आहे, अशी त्यांची समजूत होती. लिव्हरपूलने त्याला सोडले नाही. असे कलम होते, पण आम्ही विकावयाचे नाही असे ठरविले, हे क्लबाच्या मालकाने पुढल्या वर्षी उघडपणे सांगितले. पडद्यावरील खेळात असे होत नाही. तेथे कलमातील रक्कम देऊ केली की यंत्र दार उघडते. यंत्र शब्द फिरवीत नाही, पगार थकवीत नाही, खेळाडूला एकट्याने सराव करावयास लावून त्याचे मनोधैर्य खच्ची करीत नाही. खेळातील करार स्वतःच स्वतःची अंमलबजावणी करतो. खऱ्या जगात तो अंमलात यावा म्हणून ईस्टहॅमला बुचे विकावी लागतात व बॉसमनला पाच वर्षे झगडावे लागते. मुलांना हा भेद कळला पाहिजे. नाहीतर कागदावर हक्क लिहिला की तो मिळालाच, अशी त्यांची समजूत व्हावयाची.

आता कराराची दुसरी बाजू. खेळाडूचे श्रम त्याचे, तसे त्याचे नावही त्याचेच. १९९३ साली निघालेल्या ‘फिफा इंटरनॅशनल सॉकर’ ह्या पहिल्या खेळात संघटनेचे नाव वापरण्याची परवानगी होती, पण खेळाडूंच्या नावांची नव्हती; म्हणून सारी नावे कल्पित होती. ‘फिफा ९६’ मध्ये खेळाडूंच्या जागतिक संघटनेशी करार करून खरी नावे आणली. जपानमधील कोनामी कंपनीच्या खेळांत ज्यांची परवानगी नसे त्यांची नावे किंचित फिरवून दिली जात; रोबर्तो कार्लोस हा ‘रोबर्तो लार्कोस’ होई आणि लिव्हरपूल क्लब ‘मर्सीसाइड रेड’ होई. जर्मनीचा गोलरक्षक ऑलिव्हर कान ह्याने २००२ च्या विश्वचषकावरील खेळात आपले नाव व चेहरा आपल्या संमतीविना वापरला म्हणून फिर्याद केली आणि २००३ साली हँबुर्गच्या न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. ह्यानंतर व्यवस्थापनाच्या खेळात त्याच्या जागी ‘येन्स मुस्टरमान’ नावाचा गोलरक्षक अवतरला. जर्मन भाषेत मुस्टरमान हे नमुन्याच्या फॉर्मवर छापावयाचे नाव, आपल्याकडील अमका तमका म्हणावे तसे. कॉलियर बंधूंच्या खेळावरही हीच पाळी आली. २००३ साली त्यांच्या संस्थेचा प्रकाशकाशी काडीमोड झाला तेव्हा ‘चँपियनशिप मॅनेजर’ हे नाव प्रकाशकाकडे राहिले आणि आतील यंत्ररचना ह्यांच्याकडे आली. मग २००४ साली टॉम्स ह्यांच्या जुन्या खेळाचे ‘फुटबॉल मॅनेजर’ हे नाव घेऊन तो नव्याने निघाला.

राज्यकारभारातील उलथापालथही खेळात शिरते. ब्रिटनने युरोपीय महासंघ सोडण्याचे २०१६ साली ठरविले. पुढे नियम काय होतील हे सरकारासही ठाऊक नव्हते. त्याच वर्षी निघालेल्या ‘फुटबॉल मॅनेजर २०१७’ मध्ये अनेक शक्यता घालून ठेवल्या होत्या. कोणाच्या डावात युरोपीय खेळाडूंचे येणे पूर्ववत चालू राही, तर कोणाच्या डावात प्रत्येकास परवाना लागे. कोणती शक्यता आपल्या वाट्यास येईल हे खेळणाऱ्यास आधी कळत नसे. प्रत्यक्षात जानेवारी २०२१ पासून गुणांवर आधारलेली परवान्याची कडक पद्धत आली. तसेच ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने लासाना दियारा ह्या फ्रेंच खेळाडूच्या प्रकरणात, करार मोडणाऱ्या खेळाडूच्या नव्या क्लबासही भरपाईस सरसकट जबाबदार धरणारे फिफाचे नियम महासंघाच्या कायद्याविरुद्ध ठरविले, आणि फिफाला नियम तातडीने बदलावे लागले. ज्यांना वास्तवाशी इमान राखावयाचे त्या खेळकर्त्यांना प्रत्येक वेळी आपली यंत्ररचना उसवून पुन्हा शिवावी लागते.

इतके झाल्यावर वाटेल की पडद्यावरील खेळाडू आता खराच स्वतंत्र झाला. परंतु एक प्रकार असा आहे की जो आपल्याला पुन्हा आरंभाकडे नेतो. २००९ साली ‘अल्टिमेट टीम’ ह्या नावाने एक नवा खेळ फिफा मालिकेत जोडण्यात आला. त्यात खेळाडू म्हणजे एक पत्ता. पाकिटे विकत घ्यावयाची. आत कोणता पत्ता निघेल ते नशिबावर. नको असलेला पत्ता लिलावात विकावयाचा. ह्यातही ‘करार’ होता. बऱ्याच वर्षांपर्यंत प्रत्येक पत्त्यास ठराविक सामन्यांचा करार असे आणि तो संपला की दुसरा एक कराराचा पत्ता लावून वाढवावयाचा. पण ह्या कराराला दुसरा पक्षच नव्हता. खेळाडू नाही म्हणत नसे, वेतन मागत नसे, निघून जात नसे. न्यायालयांनी शंभर वर्षांत जे खेळाडूला मिळवून दिले ते सारे येथे गळून पडले आणि करार हा शब्द तेवढा उरला. आणि ह्याच प्रकारातून कंपनीस अमाप पैसा मिळतो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

मुलांनी हे खेळ खेळू नयेत, असा ह्यातून निष्कर्ष काढावयाचा नाही. उलट, आपला मुलगा ह्यांपैकी कोणता खेळ खेळतो हे पालकांनी जवळ बसून पाहावे. त्यात खेळाडू नाही म्हणू शकतो का, हा एकच प्रश्न विचारावा. जेथे तो नाही म्हणू शकतो तेथे मुलगा नकळत एक मोलाची गोष्ट शिकतो: दुसऱ्याच्या श्रमावर आपला हक्क कराराच्या मुदतीपुरता आणि कराराच्या शर्तींपुरताच असतो. पुढे हाच मुलगा एखाद्या कारखान्यात, दुकानात किंवा कचेरीत चार माणसांवर अधिकारी होईल. त्या वेळी त्याच्यापुढे पडद्यावरचे आकडे नसतील, माणसे असतील. त्यांना नाही म्हणण्याचा हक्क आहे हे त्याला खेळातून का होईना आधी कळले असेल, तर ईस्टहॅम व बॉसमन ह्यांनी दिलेली किंमत वाया गेली असे म्हणता येणार नाही.